उत्तर हवे, माघार नको

लेखकाने लिहावे आणि वाचकाने मुकाट्याने वाचावे, असा करार मराठी नियतकालिकांच्या इतिहासात कधीच झालेला नाही. लेखकाच्या मताला हरकत घेणे, त्याने वापरलेला एखादा शब्द चिमटीत धरून ‘हा शब्द इथे का?’ असे विचारणे हा वाचकाचा हक्क आहे. किंबहुना ते त्याचे कर्तव्य आहे. प्रश्न आहे तो हा हक्क बजावण्याच्या रीतीचा. आपल्या ख्रिस्ती समाजात अलीकडे एक रीत रूढ होऊ पाहत आहे. कुणी काही बोचरे लिहिले की आपण उत्तर लिहीत नाही, माघार मागतो. ‘मजकूर मागे घ्या आणि माफी मागा’, एवढ्या दोन वाक्यांत आपला सारा युक्तिवाद संपतो. समोरच्याने माघार घेतली की आपण जिंकलो असे समजून आपण स्वस्थ बसतो. ही रीत आपल्या श्रद्धेला शोभणारी नाही, आपल्या भाषेच्या परंपरेला धरून नाही आणि आपल्या हिताची तर मुळीच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मी येथे कारणांसह मांडणार आहे.

उदाहरणासाठी दूर जायला नको. १५ मार्च २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलकात्याच्या मदर तेरेसा यांना त्याच वर्षी ४ सप्टेंबरला संतपद बहाल केले जाईल, असे जाहीर केले. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ मार्चला, ‘लोकसत्ता’ या दैनिकात ‘असंतांचे संत’ या शीर्षकाचा अग्रलेख प्रसिद्ध झाला. मदर तेरेसांचे कार्य आणि चमत्कारांच्या आधारे संतपद देण्याची पद्धत या दोहोंवर त्यात कडक टीका होती. ख्रिस्ती वाचक दुखावले गेले, निषेधाचे सूर उमटले आणि दुसऱ्याच दिवशी, १८ मार्चला, त्या वृत्तपत्राने अग्रलेख मागे घेत असल्याचे जाहीर करून दिलगिरी व्यक्त केली. छापून वाचकांच्या हाती पडलेला अग्रलेख एका रात्रीत मागे घेतला जावा, अशी घटना मराठी पत्रकारितेत विरळाच.

आमच्या पनवेलमध्ये रविवारची मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात मराठी, कोंकणी, मल्याळम, तमिळ, इंग्रजी अशा अनेक भाषा कानांवर पडतात. त्यांत मराठी वृत्तपत्र घरी घेणारी कुटुंबे थोडी आणि त्या थोड्यांतही अग्रलेख शेवटपर्यंत वाचणारी त्याहून थोडी. ‘त्या वेळी त्यांना कशी माघार घ्यायला लावली’ असे अभिमानाने सांगणारे मात्र आजही भेटतात. त्यांना आपण एवढेच विचारून पाहावे की, त्या अग्रलेखातले नेमके कोणते विधान खोटे होते? उत्तर मिळत नाही. कारण विधानापर्यंत कुणी गेलेच नव्हते. राग मथळ्यापाशी सुरू झाला आणि माफीपाशी संपला. मधली सारी जागा कोरी राहिली. ती कोरी जागा हाच आपला पराभव आहे.

असे का म्हणतो ते सांगतो. खोडून काढलेला मुद्दा मरतो. मागे घेतलेला मुद्दा जिवंत राहतो. इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची वही तरून वर आली, ही कथा ज्या भाषेत घरोघरी सांगितली जाते, त्या भाषेच्या वाचकांना तरी हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. शब्द पाण्यात टाकून नाहीसे होत नाहीत. ज्याने तो अग्रलेख वाचला नव्हता, त्यालाही माफीमुळे कुतूहल वाटले आणि त्याने तो शोधून वाचला. वाचल्यावर त्याच्या मनात जे प्रश्न उभे राहिले असतील, त्यांना आपले उत्तर त्याला कुठे सापडावे? आपण ते लिहिलेच नव्हते. उरला तो एवढाच समज, की ख्रिस्ती समाजाला प्रश्न विचारलेले चालत नाहीत.

आता उत्तर काय देता आले असते, ते पाहू. प्रथम शीर्षकातला शब्दच घेऊ. ‘असंत’ म्हणजे केवळ ‘संत नव्हे तो’ असे नाही. मूळ संस्कृतात ‘असत्’ म्हणजे वाईट, आणि ‘असंत’ म्हणजे दुर्जन. तेव्हा ‘असंतांचे संत’ या दोन शब्दांत जो आरोप आहे तो ‘संत’ या शब्दात नसून षष्ठीच्या ‘चे’ या प्रत्ययात आहे. दुर्जनांचे संत! जाणत्या वाचकाने एका पोस्टकार्डावर विचारायला हवे होते : संपादक महाशय, हे असंत कोण? १९५२ साली कालीघाटाजवळ उघडलेल्या ‘निर्मल हृदय’मध्ये शेवटचा श्वास घ्यायला ज्यांना आणले गेले ते? त्यांच्या जखमा धुणाऱ्या भगिनी? की त्यांच्या नावाने प्रार्थना करणारी आमच्यासारखी साधी कुटुंबे? ज्याने शब्द वापरला त्याने त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. अशा प्रश्नाला उत्तर देणे हे माफी मागण्याहून कितीतरी अवघड असते.

याहून मोठे उत्तरही देता आले असते. तो शब्द नाकारण्याऐवजी स्वीकारता आला असता. प्रभू येशूवर त्याच्या काळच्या प्रतिष्ठितांनी केलेली तक्रार आठवा. हा मनुष्य जकातदारांच्या आणि पापी लोकांच्या पंक्तीला बसतो, असा तो ठपका होता. शिष्यांनी तो ठपका शुभवर्तमानातून पुसून टाकला नाही. त्यांनी तो जसाच्या तसा लिहून ठेवला, कारण शत्रूच्या तोंडून गुरूचे खरे वर्णन बाहेर पडले आहे, हे त्यांनी ओळखले होते. ‘ख्रिस्ती’ हे आपले नावदेखील आपण स्वतः घेतलेले दिसत नाही. शिष्यांना ते नाव प्रथम अंत्युखियात मिळाले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे, आणि ते बाहेरच्यांनी ठेवले असावे असे अभ्यासक मानतात. ज्या समाजाने टोपणनावाचे भूषण करून दाखवले, त्याच्या वारसांनी ‘असंतांचे संत’ या शब्दांनी घाबरून जावे, याचे मला नवल वाटते. ‘होय, ती असंतांचीच होती, सज्जनांना सांभाळायला इतर पुष्कळ जण होते’, एवढे एक वाक्य त्या शीर्षकाला पुरेसे होते. ते वाक्य छापून आले असते, तर अग्रलेखाचे शीर्षक कायमचे आपले झाले असते.

दुसरा मुद्दा सेवेच्या दर्जाचा. मदर तेरेसांवर टीका काही २०१६ साली प्रथम झाली नाही. १९९४ साली ‘द लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाचे त्या वेळचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कोलकात्याच्या आश्रमाला भेट देऊन केलेले निरीक्षण प्रसिद्ध केले. तेथील स्वच्छता, जखमांची निगा आणि मायेची वागणूक यांची त्यांनी नोंद घेतली. पण निदानाची पद्धत ढिली आहे आणि असह्य वेदनांवर प्रभावी वेदनाशामके दिली जात नाहीत, असेही सांगितले. हा आक्षेप द्वेषातून आलेला नव्हता. तो एका डॉक्टरचा होता आणि तो खरा मानूनच त्याचा विचार करायला हवा. आपण मान्य करावे की आश्रम म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि आश्रमातही वेदना कमी करण्याचे साधन हाताशी असेल तर ते वापरले पाहिजे. त्याच वेळी हेही विचारावे की, रस्त्यावर पडलेल्या त्या माणसांना त्या वेळी कोणते रुग्णालय दाखल करून घेत होते? टीकेतला खरा भाग मान्य केल्याने संताचे तेज कमी होत नाही. उलट, खरे तेवढे मान्य करणाऱ्याच्या पुढच्या शब्दाला वजन येते.

तिसरा मुद्दा चमत्काराचा, आणि महाराष्ट्रात तो विशेष नाजूक आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कारांचे प्रदर्शन करून लोकांना फसवणे व त्यातून पैसा मिळवणे त्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. मग ‘तुमच्या संतांचे चमत्कार तेवढे वेगळे कसे?’ असा प्रश्न एखाद्या मराठी संपादकाने विचारला, तर त्याला धर्मद्वेष म्हणता येणार नाही. हा या भूमीतला रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तरही आहे. ख्रिस्तसभा कुणाला चमत्कार करून दाखवायला सांगत नाही. आजारी माणसाला डॉक्टरकडे जाऊ नको असे सांगत नाही. एखादा रोगी बरा झाल्यावर, त्याचे बरे होणे आजच्या वैद्यकाला उलगडते की नाही हे आधी वैद्यकीय तज्ज्ञ तपासतात आणि त्यानंतर ईशज्ञानाचे अभ्यासक विचार करतात. तथापि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे, की १९ ऑक्टोबर २००३ रोजी मदर तेरेसांना ‘धन्य’ घोषित करताना पश्चिम बंगालमधील ज्या महिलेचे बरे होणे आधारभूत मानले गेले, ती औषधोपचारांनी बरी झाली असे तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी जाहीरपणे म्हटले होते. हा मतभेद झाकून ठेवण्यात काय हशील? मदर तेरेसांवरील आपली भक्ती त्या एका वैद्यकीय निष्कर्षावर उभी आहे काय? ती उभी आहे एका साध्या दृश्यावर : दुसऱ्याने टाकून दिलेला माणूस तिने उचलला.

एका अग्रलेखाला अशी तीन उत्तरे देता आली असती. त्यांपैकी एकही ठळकपणे मराठी वाचकांसमोर आले नाही, कारण मूळ मजकूरच बाजूला काढला गेला आणि वाद तिथेच मिटला. उत्तर कशाला द्यायचे, तेच उरले नाही.

कुणी म्हणेल, श्रद्धेच्या बाबतीत असे वाद घालणे योग्य नाही. त्यांना ख्रिस्तसभेच्या इतिहासाकडे बोट दाखवावे लागेल. संतपदाच्या चौकशीत विरोधी बाजू मांडणारा अधिकारी नेमण्याची प्रथा शतकानुशतके चालत आली. लोकांनी त्याला गमतीने ‘सैतानाचा वकील’ असे नाव दिले होते. प्रस्तावित संताच्या चारित्र्यातले दोष शोधणे, चमत्कारांवर शंका घेणे हेच त्याचे काम. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही कार्यपद्धती बदलली आणि त्या पदाचे जुने स्वरूप राहिले नाही. पण विरोधकाचे ऐकण्याची वृत्ती संपली नाही. १९९५ साली मदर तेरेसांवर अत्यंत झोंबरे पुस्तक लिहिणारे ब्रिटिश लेखक ख्रिस्तोफर हिचेन्स हे उघड नास्तिक होते. त्यांनाच ख्रिस्तसभेने मदर तेरेसांच्या चौकशीत साक्ष देण्यासाठी बोलावले आणि त्यांनी आपले आक्षेप नोंदवले. रोमने ज्याच्यासाठी खुर्ची मांडली, त्याच्या जातीच्या लेखकासाठी पनवेल, वसई किंवा वांद्र्याच्या भाविकाने दार लावून घ्यावे, ही भक्ती म्हणावी की भीती?

शब्दाबद्दलचा रास्त आक्षेप ख्रिस्तसभेने स्वतःही मानला आहे. शुभ शुक्रवारच्या उपासनेत ज्यू लोकांसाठी जी प्रार्थना होती, तिच्या लॅटिन पाठात त्यांना उद्देशून एक अवमानकारक विशेषण शतकानुशतके म्हटले जात होते. फ्रेंच ज्यू इतिहासकार ज्यूल इझाक यांनी १९४९ साली पोप बारावे पायस यांची भेट घेऊन त्या प्रार्थनेचा फेरविचार व्हावा, अशी विनंती केली. पुढे १९५९ साली पोप तेविसावे जॉन यांनी ते विशेषण प्रार्थनेतून काढून टाकले. येथे नीट पाहावे. इझाक यांनी शुभ शुक्रवारची उपासना बंद करा असे म्हटले नाही. त्यांनी शब्दावर बोट ठेवले, त्या शब्दामागचा इतिहास मांडला आणि धीर धरला. दहा वर्षांनी शब्द गेला, आणि तो धाकाने गेला नाही, पटला म्हणून गेला. म्हणूनच तो परत आला नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती साहित्याचा उगमच मुळी श्रोत्याच्या आक्षेपात आहे. १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभी फादर थॉमस स्टीफन्स यांनी ग्रंथाचे निमित्त सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी विचारले की, आमची जुनी पुराणे तुम्ही सोडायला लावलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरे पुराण का देत नाही? पाद्रीबाबांनी त्या प्रश्नकर्त्याला गप्प केले नाही. त्यांनी हजारो ओव्यांचा ग्रंथ रचला आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’सारखा श्रोत्यांच्या ओठांवरचा शब्दही वापरला. एका आक्षेपाचे उत्तर म्हणून एवढा ग्रंथ निर्माण झाला. आक्षेपकाला हाकलून दिले असते तर आपल्या पदरी काय पडले असते?

या मातीतली रीतही तीच आहे. आजच्या रायगड जिल्ह्यातल्या शिरवली गावी जन्मलेले विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर ख्रिस्ती मिशनऱ्यांशी उघड्यावर वाद घालत असत. दोन्ही बाजू बोलत आणि लोक ऐकत. त्या वादांचा वृत्तांत पुढे छापलाही गेला. आणि आम्हा पनवेलकरांना तर घरचेच उदाहरण आहे. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म १७ सप्टेंबर १८८५ रोजी पनवेलचा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयी जे लिहिले, त्याने तो समाज दुखावला गेला. ठाकऱ्यांनी १९१८ साली ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून प्रत्युत्तर दिले आणि भारत इतिहास संशोधक मंडळाला ही आपली ‘उलट सलामी’ आहे, असे मुखपृष्ठावरच सांगून टाकले. त्या पुस्तकाची भाषा सौम्य नाही. पण राजवाडे काय म्हणाले आणि ठाकरे काय म्हणाले, हे दोन्ही आज आपल्याला वाचता येते आणि आपला आपण निवाडा करता येतो. सलामीला उलट सलामी, लेखाला लेख. पनवेलची ही खरी शिकवण आपण विसरू नये.

आता हिताची गोष्ट. माघार मागण्याचे हत्यार एकदा वापरात आले की ते एकाच हातात राहत नाही. डॉ. आनंद यादव यांच्या ‘संतसूर्य तुकाराम’ या कादंबरीवर वारकऱ्यांनी आक्षेप घेतला, कादंबरी मागे घेतली गेली, यादवांनी माफी मागितली आणि अध्यक्षपदाचा राजीनामाही दिला. २००९ सालचे महाबळेश्वरचे मराठी साहित्य संमेलन अध्यक्षाविना पार पडले. दहा वर्षांनी पाळी आपली आली. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत एवढ्याच कारणाने काही संघटनांनी विरोध केला आणि महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमक्यांचे दूरध्वनी आले. महामंडळ डगमगले नाही. जानेवारी २०२० मध्ये प्रकृती साथ देत नसतानाही फादर त्या व्यासपीठावर गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. ‘फादरांना बोलू द्या’ असे तेव्हा आपण सर्वांनी म्हटले आणि ते योग्यच होते. पण ज्याने २०१६ साली दुसऱ्याला ‘लिहू देऊ नका’ म्हटले, त्याच्या तोंडी २०१९ साली हे वाक्य किती शोभले? बहुसंख्य समाजाने माघार मागितली तर ती मिळते. अल्पसंख्याकाला ती एखाद्या दिवशी मिळते आणि उरलेल्या दिवशी त्याच्याकडूनच मागितली जाते. बोलण्याची मोकळीक ही बलवानाची चैन नसते. ती दुर्बळाची शिदोरी असते. ती आपण आपल्याच हाताने सांडू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. ‘आमच्या हाती मोठे वृत्तपत्र नाही. आमचे पत्र संपादकांच्या टोपलीत जाते. निषेधाखेरीज आम्हाला दुसरे साधन कोणते?’ निषेध जरूर करावा. निषेध करणे वेगळे आणि मजकूर नाहीसा करा म्हणणे वेगळे. आमचे उत्तर तितक्याच ठळकपणे छापा, ही मागणी करावी आणि तिच्यासाठी हट्ट धरावा. शंभर कुटुंबांनी ‘मागे घ्या’ असे लिहिण्याऐवजी एका जाणत्या माणसाचे पाचशे शब्दांचे उत्तर ‘हे छापा’ म्हणून सह्यांनिशी पाठवले, तर ते टोपलीत टाकणे कोणत्याही संपादकाला सोपे जाणार नाही. आणि टाकलेच, तर यासारखी नियतकालिके कशासाठी आहेत?

लेखकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. वाचक शब्दाला हरकत घेतो तेव्हा तो तुमचे स्वातंत्र्य हिरावून घेत असतोच असे नाही. तो तुम्हाला तुमच्या धंद्याचे हत्यार नीट धरायला सांगत असतो. पक्ष बदलणाऱ्या पुढाऱ्याला ‘बाटगा’ म्हणण्याची खोड आपल्या राजकीय स्तंभलेखकांना जडली आहे. बाटणे म्हणजे विटाळणे. आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला म्हणजे ते विटाळले, असा त्या शब्दाचा अर्थ होतो आणि तो शब्द पुढाऱ्याला लागण्यापूर्वी पनवेलच्या एखाद्या ख्रिस्ती शाळकरी मुलाला लागतो. लिहिणाऱ्याच्या मनात तसे नसेल. म्हणूनच त्याला सांगायला हवे. मात्र सांगताना तारतम्यही हवे. ‘पाद्री’ हा शब्द ‘पिता’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. त्यावर भांडण काढण्यात अर्थ नाही. प्रत्येक शब्दावर रुसणाऱ्याच्या खऱ्या तक्रारीकडेही मग कुणी लक्ष देत नाही. आणि संपादकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की एका रात्रीत माफी मागून मोकळे होणे हा वाचकाचा सन्मान नव्हे. लिहिलेले चुकले असेल तर कोणते विधान व का चुकले ते सांगावे. चुकले नसेल तर उभे राहावे.

हाच न्याय आपल्या घरातही लागू करावा लागेल. आपल्या प्रवचनांतून, पत्रिकांतून आणि नियतकालिकांतूनही शेजाऱ्यासाठी ‘अख्रिस्ती’ हा शब्द किती सहज येतो! ‘असंत’मधला ‘अ’ आपल्याला झोंबला. मग ‘अख्रिस्ती’तला ‘अ’ कुणाला झोंबत नसेल काय? आळीतल्या पाटीलकाका वारकरी आहेत, समोरच्या सलमाबी पाच वेळा नमाज पढतात. त्यांची ओळख त्यांच्यापाशी काय नाही यावरून आपण करून देतो. त्यांना स्वतःचे नाव आहे, ते वापरावे. आपल्या लेखनातल्या या शब्दावर उद्या एखाद्या हिंदू किंवा मुसलमान वाचकाने बोट ठेवले, तर आपण त्याला कोणते उत्तर देणार आहोत, याचा विचार आजच केलेला बरा.

धर्मग्रामातल्या कुटुंबांना माझे सांगणे साधे आहे. बोचरे काही वाचनात आले तर प्रथम ते संपूर्ण वाचा. मथळ्यावर थांबू नका. जे वाक्य खटकले ते जसेच्या तसे उतरवून घ्या. त्यातला शब्द खोटा आहे, अर्धवट आहे, की केवळ कडू आहे, हे ठरवा. खोटा असेल तर सनावळी देऊन खोडा. अर्धवट असेल तर उरलेला अर्धा भाग सांगा. नुसता कडू असेल तर तसे म्हणा आणि पुढे जा. टीकेतला खरा भाग पहिल्याच परिच्छेदात मान्य करा. खाली आपले नाव आणि गाव लिहा. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना हे पत्र लिहायला बसवा. त्यांची मराठीही सुधारेल आणि श्रद्धेची कारणेही त्यांना कळतील. पोलीस ठाण्याची पायरी मात्र शब्दाच्या वादासाठी चढू नका. धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे कलम १९२७ साली दंडविधानात आले आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत आहे. पण बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेल्या अवमानासाठी ते आहे. उत्तर सुचले नाही म्हणून वापरायची ती सोय नव्हे.

मदर तेरेसांवर, ख्रिस्तसभेवर, आपल्या शाळांवर आणि आपल्या सणांवर यापुढेही लिहिले जाईल. काही न्यायाने, काही अज्ञानाने, काही केवळ टाळी मिळवण्यासाठी. त्या प्रत्येक वेळी आपल्यापुढे दोनच वाटा असतील. एका वाटेवर माफी मिळते आणि मौन उरते. दुसऱ्या वाटेवर मेहनत करावी लागते, थोडी हारही पत्करावी लागते. पण वाचकाच्या हाती आपली बाजू राहते. या लेखातील एखादा शब्द किंवा एखादे मत आपणांस पटले नसेल, तर त्याचाही प्रतिवाद लिहून याच पत्त्यावर पाठवावा. फक्त लेख मागे घ्या, असे लिहू नये.